इंग्रजी विशेषणांचा तरतमभाव : अध्यापनाची दिशा

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील इंग्रजीच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकास काही चुका पुनःपुन्हा भेटतात. 'राम इज टॉल दॅन श्याम' ही पहिली, 'राम इज मोअर टॉलर' ही दुसरी, आणि 'धिस इज मोअर बेटर' ही तिसरी. शेवगाव तालुक्याच्या उत्तरेकडील गोदाकाठची शाळा घ्या, किंवा दक्षिणेकडील माळरानावरची घ्या. वही बदलते, अक्षर बदलते, परंतु चूक तीच राहते. ज्या चुका सर्व मुले एकाच रीतीने करतात, त्यांचे कारण मुलांच्या आळसात किंवा मंदपणात शोधणे व्यर्थ होय. ते कारण मुलांच्या मातृभाषेत असते. मराठी भाषा ज्या रीतीने तुलना करते ती रीत मूल इमानाने इंग्रजीत नेते आणि तेथे अडखळते. अशा वेळी चुकीखाली केवळ तांबडी रेघ ओढल्याने ती चूक जात नाही. ती कोठून आली हे शिक्षकाने जाणले आणि मुलास दाखविले, म्हणजे ती जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे ज्या घरात इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नाही, त्या घरातील मुलालाही ही भाषा शिकविण्याचा भार प्राथमिक शिक्षकावर आला आहे. या मुलास शाळेबाहेर चूक दुरुस्त करून देणारे कोणी नसते. म्हणून वर्गात मिळणारे कारण त्यास अधिक मोलाचे ठरते. तरतमभावाचा पाठ हा या दृष्टीने एक चांगला नमुना आहे.

१. मुलाचे भांडवल

तुलना ही मुलास शिकवावी लागत नाही. पाच वर्षांचे मूलही 'त्याला माझ्यापेक्षा मोठी भाकरी दिली' अशी तक्रार अचूक व्याकरणाने करते. आपल्या भागातील पुष्कळ मुले घरी 'पेक्षा' न म्हणता 'परीस' म्हणतात : 'माझ्यापरीस त्याचा बैल दांडगा हाय.' हा 'परीस' अशुद्ध म्हणून हसण्याजोगा नाही. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत तुलनावाचक शब्दयोगी अव्ययांच्या यादीत 'पेक्षा'च्या शेजारी 'परीस' सन्मानाने बसलेला आहे. ज्या मुलाच्या तोंडी 'परीस' आहे, त्याच्या मनात 'दॅन' या शब्दाची जागा आधीच तयार आहे. शिक्षकाने 'परीस'ला हसून ती जागा बुजवू नये.

'आपण मोठ्याला मोठा म्हणतो. पण दोघांत कोण मोठा हे कसे सांगतो?' असा प्रश्न पाठाच्या आरंभी विचारावा आणि मुलांची उत्तरे त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहावीत. 'परीस', 'पेक्षा', 'हून' हे तिन्ही फळ्यावर आले म्हणजे अर्धा पाठ झाला. नवे ते बाह्य रूप. अर्थ जुनाच आहे, हे मुलांस प्रथमच कळते आणि भीती ओसरते.

२. ओझे कोणाच्या खांद्यावर?

'बैल मोठा आहे' आणि 'बैल शेळीपेक्षा मोठा आहे' ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहावीत. दुसऱ्या वाक्यात 'मोठा' या विशेषणाचे काय झाले? काहीच झाले नाही. ते होते तसेच राहिले. तुलनेचे सारे ओझे 'शेळी' या नामाने उचलले. त्यास 'पेक्षा' लागला.

आता इंग्रजी वाक्ये पाहावीत : 'द ऑक्स इज बिग' आणि 'द ऑक्स इज बिगर दॅन द गोट'. येथे 'गोट' हे नाम जसेच्या तसे आहे. रूप बदलले ते विशेषणाचे. 'बिग'चे 'बिगर' झाले. म्हणजे मराठीत तुलनेचे ओझे मुख्यतः नाम वाहते, आणि इंग्रजीत ते विशेषणास वाहावे लागते. 'राम इज टॉल दॅन श्याम' असे लिहिणारा मुलगा मराठीच्या नियमाने अगदी बरोबर लिहितो. त्याने 'पेक्षा' आणला, विशेषण अबाधित ठेवले. त्याला इतकेच सांगावयाचे असते की, इंग्रजीत एवढ्याने भागत नाही. 'दॅन' येणार असेल तर विशेषणाने आधी आपला वेष बदलला पाहिजे.

याची दुसरी बाजूही मुलांच्या लक्षात आणून द्यावी. मराठी विशेषण बदलतच नाही असे नव्हे. मोठा बैल, मोठी गाय, मोठे वासरू असे आकारान्त विशेषण आपल्या नामाच्या लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदलते. इंग्रजी विशेषण लिंगवचनाची पर्वा करीत नाही. बैल, गाय, वासरू सर्वांना 'बिग' एकच. परंतु तुलना आली की ते लगेच बदलते. मराठी विशेषण नामापुढे वाकते, इंग्रजी विशेषण तुलनेपुढे वाकते, असे सूत्र मुलांच्या तोंडी बसविले तर ते विसरले जात नाही.

तिसरा भेद शब्दांच्या क्रमाचा. मराठीत 'पेक्षा' हा 'शेळी'च्या मागून येतो. 'दॅन' हा 'गोट'च्या पुढे बसतो. पाच पुठ्ठ्यांवर 'द ऑक्स', 'इज', 'बिगर', 'दॅन', 'द गोट' असे लिहून पाच मुलांच्या हाती द्यावे आणि प्रथम त्यांस मराठी क्रमाने उभे करावे : द ऑक्स – द गोट – दॅन – बिगर – इज. मग त्यांनी जागा बदलून इंग्रजी क्रमाने उभे राहावे. जी गोष्ट दहा वेळा सांगून कळत नाही, ती एकदा पायांनी चालून गेले की कळते.

याच ठिकाणी दोन लहान सावधगिरीच्या सूचना. 'बिगर' हा शब्द ऐकून मुले हसण्याचा संभव आहे, कारण मराठीत 'बिगर' म्हणजे 'शिवाय' किंवा 'वाचून'. सातबाऱ्याच्या बोलण्यात 'बिगरशेती' हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो. मुलांना खुशाल हसू द्यावे. हसून लक्षात राहिलेला शब्द पक्का राहतो. दुसरी सूचना स्पेलिंगची. 'दॅन' म्हणजे पेक्षा, त्याचे स्पेलिंग टी-एच-ए-एन. 'देन' म्हणजे मग, त्याचे टी-एच-ई-एन. मराठी उच्चारात हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी ठेवून दाखवावेत.

३. संस्कृताशी जुने नाते

आपल्या भाषेत तुलनेसाठी विशेषण बदलण्याची पद्धत मुळीच नाही असे मात्र समजू नये. लघु, लघुतर, लघुतम. उच्च, उच्चतर, उच्चतम ही संस्कृत रूपे मराठीने घेतलेली आहेत, आणि 'तरतमभाव' हा शब्दही त्यांवरूनच आला. 'तर' म्हणजे इंग्रजी 'ई-आर' आणि 'तम' म्हणजे 'ई-एस-टी' असे समीकरण शिक्षक वर्गात मांडतात. अर्थ समजावून देण्यापुरते ते उपयोगी आहे. परंतु शब्दांच्या कुळाचा विचार केला तर इंग्रजी प्रत्ययांचे खरे भाऊबंद संस्कृतातील दुसरी जोडी होय : 'ईयस्' आणि 'इष्ठ'. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ या शब्दांच्या अखेरीस असलेला 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' हे एकाच मुळापासून निघाले आहेत. संस्कृतात 'स्वादु' म्हणजे गोड, त्याचे तमभावाचे रूप 'स्वादिष्ठ'. इंग्रजीत 'स्वीट', त्याचे 'स्वीटेस्ट'. येथे प्रत्ययच नव्हे, तर मूळ शब्दही एकाच घराण्याचा आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एक असावा असा विचार मांडला. पुढे इंग्रजीचेही नाते त्याच कुळाशी निश्चित झाले. आपल्या घरी 'स्वादिष्ट' म्हटला जाणारा शब्द इंग्रजीच्या 'स्वीटेस्ट'चा भाऊबंद आहे हे ऐकून सातवी-आठवीच्या मुलाला ती भाषा परकी वाटेनाशी होते.

'मोअर बेटर' या चुकीचा उलगडाही येथेच होतो. मूळचा 'स्वादिष्ठ' हा शब्द 'सर्वांत गोड' अशा अर्थाचा. परंतु मराठीत तो नुसत्या 'चवदार' या अर्थाने रुळला, आणि आपण निःशंकपणे 'अधिक स्वादिष्ट' म्हणतो. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत चांगला. तरीही आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'श्रेष्ठतम'ही म्हणतो. तुलनेवर तुलना चढविणे आपल्या कानास खटकत नाही. एके काळी इंग्रजांच्या कानासही ते खटकत नसे. सतराव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांतही अशी दुहेरी रूपे आढळतात. आजच्या प्रमाण इंग्रजीत मात्र ती चूक मानली जाते आणि परीक्षेत तिचे गुण जातात. म्हणून नियम स्पष्ट सांगावा : 'ई-आर' लावला की 'मोअर' नको, आणि 'मोअर' लावला की 'ई-आर' नको. एका बैलाच्या मानेवर दोन जुवे ठेवीत नाहीत.

मग 'कितीतरी उंच', 'पुष्कळ चांगला' हे कसे सांगावे? त्यासाठी इंग्रजीत 'मच' हा शब्द आहे : 'मच टॉलर', 'मच बेटर'. आणि 'व्हेरी' हा शब्द साध्या रूपालाच लागतो : 'व्हेरी टॉल'. मराठीत 'खूप' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, म्हणून मुले 'व्हेरी टॉलर' लिहितात. हाही मातृभाषेचाच प्रभाव होय.

४. 'ई-आर' की 'मोअर'?

कोणत्या शब्दाला 'ई-आर' लावावयाचा आणि कोणत्यामागे 'मोअर' ठेवावयाचा, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. 'लहान शब्दाला ई-आर, मोठ्या शब्दाला मोअर' असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. कारण लहान-मोठेपणा स्पेलिंगमधील अक्षरे मोजून ठरत नाही, तो उच्चारावरून ठरतो. 'स्ट्रेट' म्हणजे सरळ. त्याच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे आहेत, पण उच्चार एका दमात होतो. 'ईझी' म्हणजे सोपा. त्यात चारच अक्षरे आहेत, पण उच्चारास दोन टप्पे लागतात. मुलांकडून टाळ्या वाजवून घ्याव्यात. 'स्ट्रेट'ला एक टाळी, 'ईझी'ला दोन, 'ब्यूटिफुल'ला तीन.

एका टाळीच्या शब्दाला 'ई-आर' : टॉलर, शॉर्टर, डीपर, स्ट्रेटर. तीन किंवा अधिक टाळ्यांच्या शब्दामागे 'मोअर' : मोअर ब्यूटिफुल, मोअर डिफिकल्ट, मोअर इंटरेस्टिंग. राहिले दोन टाळ्यांचे शब्द. त्यांपैकी ज्यांच्या स्पेलिंगचा शेवट 'वाय'ने होतो त्यांस 'ई-आर' लावावा. लावताना 'वाय' जाऊन 'आय' येतो : ईझी–ईझीअर, हॅपी–हॅपीअर, हेवी–हेवीअर. दोन टाळ्यांच्या इतर बहुतेक शब्दांमागे 'मोअर' ठेवावे : मोअर यूसफुल, मोअर केअरफुल. 'क्लेव्हर', 'नॅरो', 'सिंपल' यांसारख्या काही शब्दांना 'ई-आर' चालतो. ते जसजसे वाचनात येतील तसतसे सांगावेत, यादी पाठ करून घेण्याचे कारण नाही.

स्पेलिंगचे नियमही तीनच सांगावेत. शेवटी 'ई' असेल तर नुसता 'आर' : लार्ज–लार्जर. 'वाय'चा नियम वर आलाच. एका टाळीच्या शब्दात शेवटी एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असेल, तर ते व्यंजन दुप्पट होते : 'बिग'चे बी-आय-डबल जी-ई-आर, तसेच हॉट, थिन, वेट. 'डीप' या शब्दात स्वर दोन आहेत, म्हणून तेथे 'पी' एकच राहतो. 'न्यू', 'लो' यांच्या अखेरचे 'डब्ल्यू' कधीही दुप्पट होत नाही.

५. नियमाबाहेरची चौकडी

'गुड–बेटर–बेस्ट', 'बॅड–वर्स–वर्स्ट', 'मच' किंवा 'मेनी'–'मोअर–मोस्ट' आणि 'लिटल–लेस–लीस्ट' या चार ओळी पाठच कराव्या लागतात. 'गुडर' का नाही, असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारील. त्यास गप्प बसवू नये. 'आज मी जातो. काल मी काय केले?' असे विचारावे. मूल म्हणेल, 'गेलो.' 'जातो' आणि 'गेलो' यांत सारखे काय आहे? काहीच नाही, तरी मूल ते कधी चुकत नाही, कारण ते रूप त्याने हजार वेळा ऐकले आहे. फार वापरात असलेले शब्द प्रत्येक भाषेत असे आडवळणाचे असतात, आणि वापरानेच ते सरळ वाटू लागतात. 'बेटर'चेही तसेच आहे.

'एल्डर' आणि 'ओल्डर' यांतील भेद मराठी मुलास इंग्रज मुलाइतक्याच सहजतेने कळावयास हवा. कारण आपल्याकडे 'थोरला' आणि 'मोठा' असे दोन शब्द आहेत. थोरला भाऊ तो 'एल्डर ब्रदर'. परंतु 'तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे' असे म्हणावयाचे तर 'ही इज टू इयर्स ओल्डर दॅन मी'. 'माझ्यापेक्षा थोरला' असे आपण सहसा म्हणत नाही, आणि 'एल्डर दॅन' असेही इंग्रजीत म्हणत नाहीत. 'दोन वर्षांनी' यातील 'नी'साठी येथे वेगळा शब्द लागत नाही, हेही दाखवावे. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' यांच्यापुढे मात्र 'दॅन' येत नाही, 'टू' येतो.

६. तीन धरणे, एक शिखर

तमभाव शिकविण्यास तीन वस्तू लागतात, आणि त्या मुलांच्या ओळखीच्या असाव्यात. पावसाळा आला की आपल्या भागात ज्या आकड्यांची घरोघर चर्चा होते ते धरणांचे आकडे येथे कामी येतात. प्रवरेवरील भंडारदरा धरणाची क्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट. मुळा धरणाची सुमारे २६. आणि पैठण येथील जायकवाडीची, म्हणजे ज्या नाथसागराचा फुगवटा शेवगाव तालुक्याच्या उत्तर सीमेस भिडला आहे त्याची, सुमारे १०२. फळ्यावर तीन आकडे लिहावेत आणि मुलांकडून वाक्ये काढून घ्यावीत : 'भंडारदरा इज बिग.' 'मुळा इज बिगर दॅन भंडारदरा.' 'जायकवाडी इज द बिगेस्ट ऑफ द थ्री.' भंडारदरा १९२६ साली पूर्ण झाले आणि जायकवाडीचे उद्घाटन १९७६ साली झाले, हे सांगितले की 'भंडारदरा इज ओल्डर दॅन जायकवाडी' हे वाक्य मुले आपण होऊन करतात. ११ अब्ज घनफुटांचे धरण वयाने मोठे आणि १०२चे वयाने लहान, ही गंमत त्यांस आवडते.

तमभावाच्या आधी 'द' येतो, आणि पुढे गटाचा उल्लेख असेल तर 'ऑफ', स्थळाचा असेल तर 'इन' येतो. मराठीत दोन्हीकडे 'त' हा एकच प्रत्यय पुरतो : 'तिघांत', 'महाराष्ट्रात'. म्हणून हा भेद स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

परीक्षेत 'डिग्री बदला' हा प्रश्न येतो. तो पुष्कळदा साच्याने शिकविला जातो आणि साचा विसरला की उत्तर हरवते. त्यामागील तर्क दाखवावा. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात असलेले कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' हेच दुसऱ्या रीतीने : 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.' आणि तिसऱ्या रीतीने : 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.' मुले दुसऱ्या वाक्यातील 'अदर' गाळतात. तो गाळला तर अर्थ काय होईल? कळसूबाई हे महाराष्ट्रातीलच एक शिखर आहे. मग ते स्वतःहूनही उंच ठरेल! मराठीतही आपण 'इतर कोणत्याही शिखरापेक्षा' असेच म्हणतो. 'इतर' विसरू नका म्हटले की 'अदर' आपोआप येतो.

'वन ऑफ द' असेल तर नाम अनेकवचनी ठेवावे. 'द गोदावरी इज वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया.' हे तरभावात नेताना 'लाँगर दॅन मोस्ट अदर रिव्हर्स', आणि साध्या रूपात 'व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर अ‍ॅज लाँग अ‍ॅज द गोदावरी' असे होते. 'अनेकांपैकी एक' हा अर्थ तिन्ही वाक्यांत टिकला पाहिजे, एवढे पाहावे.

७. तासिकांची मांडणी

हा घटक सहा तासिकांत चांगला होतो. पहिल्या तासिकेत केवळ वस्तू आणि बोलणे असावे : तुरीच्या दोन काड्या, बाजरीचे व ज्वारीचे कणीस, दोन दगड, दोन दोऱ्या. 'लाँगर', 'शॉर्टर', 'हेवीअर' हे शब्द हातात वस्तू घेऊन उच्चारावेत, लिहू नयेत. दुसरीत पुठ्ठ्यांचा खेळ व शब्दक्रम. तिसरीत टाळ्यांचा खेळ व 'मोअर'. चौथीत स्पेलिंगचे तीन नियम व अनियमित चौकडी. पाचवीत धरणे, अंतरे, बाजारभाव. 'नगर इज फारदर दॅन पाथर्डी' हे वाक्य शेवगावात बसून प्रत्येक मूल आपल्या अनुभवावरून करू शकते. आठवडे बाजारातील भाव सांगून 'चीपर' व 'कॉस्टलीअर' यांचा सराव होतो. सहावीत 'डिग्री बदला' आणि लेखन.

दोन शिक्षकी शाळेत एका वेळी अनेक वर्ग सांभाळावे लागतात. तेथे वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गाचा पुठ्ठ्यांचा खेळ घ्यावा. शिकविणाऱ्या मुलाचाच पाठ अशाने अधिक पक्का होतो.

आपल्या तालुक्यातील काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर गेलेली मुले अनेक महिन्यांनी परततात. या मुलांचा हा घटक हमखास बुडतो. वस्तूंची पेटी व पुठ्ठे वर्गात जपून ठेवले, तर अशा मुलासाठी पहिल्या तीन तासिका एका दुपारी पुन्हा घेता येतात. लांब-आखूड, जड-हलके यांचे ज्ञान ज्याने उसाच्या मोळ्या उचलताना पाहिले आहे, त्याला 'हेवीअर' हा शब्द देण्यास वेळ लागत नाही. फक्त तो कोणीतरी द्यावा लागतो.

८. तुलना कशाची करावी?

या पाठात एक धोका आहे, आणि तो व्याकरणाचा नाही. साहित्य हाताशी नसले की शिक्षक दोन मुलांस वर्गासमोर उभे करतो. उंचीची तुलना झाली की ओघात जाडी येते, रंग येतो, मग 'क्लेव्हर' आणि 'डल' हे शब्दही येतात. 'फॅटर', 'डार्कर', 'वीकर' हे शब्द ज्या मुलाकडे बोट दाखवून शिकविले जातात, ते मूल तो शब्द कधीच विसरत नाही. परंतु त्याबरोबरचा अपमानही विसरत नाही. वर्गातील इतर मुले तो शब्द मधल्या सुट्टीत चिडविण्यास वापरतात. इंग्रजीची गोडी लावण्यासाठी घेतलेला पाठ एका मुलाच्या मनात त्या भाषेविषयी कायमची अढी निर्माण करतो. म्हणून वस्तूंची तुलना करावी, नद्यांची करावी, धरणांची व गावांच्या अंतरांची करावी. मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करू नये.

शिवाय, कोणत्या बाबतीत तुलना केली हे सांगितल्यावाचून तुलना खरी ठरत नाही, हा तरतमभावाचाच एक धडा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्याचे १५,६४३. तेव्हा क्षेत्रफळाने आपला जिल्हा 'लार्जर'. परंतु २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख, तर पुण्याची सुमारे ९४ लाख होती. मग मोठा कोण? मुलांना हा प्रश्न मोकळा सोडावा आणि दोन्ही उत्तरे दोन वाक्यांत लिहून घ्यावीत. एका बाबतीत जो लहान तो दुसऱ्या बाबतीत मोठा असतो, हे जिल्ह्यांविषयी ज्याला कळले त्याला ते शेजाऱ्याविषयीही कळू लागते.

मुलाची तुलना करावयाचीच असेल तर ती त्याच्या स्वतःशी करावी. जूनमध्ये वाचलेला उतारा त्याच मुलाकडून फेब्रुवारीत पुन्हा वाचून घ्यावा, आणि वहीच्या समासात एक वाक्य लिहावे : 'धिस इज बेटर दॅन बिफोर.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, त्यात 'मोअर' नाही, आणि वर्गातील प्रत्येक मुलाच्या वहीत ते केव्हातरी खरेपणाने लिहिता येते.